शनिवारी रात्री अकराचा "जागी आहेस का"

सल्ला मागायला एका पोरीचं पत्र आलंय, लई लांब होतं, व्हॉट्सॲपवर एका दमात टाईप केलेलं, फुलस्टॉप शोधून सापडत नाही, त्यामुळं थोडक्यात सांगते आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलून टाकते. पोरगी २६ ची, मूळ परभणीकडची, वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे, संभाजीनगरात टीव्ही सेंटरकडं वन रूम किचन घेऊन रूममेटसोबत राहते. रूममेट दर शनिवारी जालन्याला घरी जाते. कॉलेजपासूनचा सहा जणांचा ग्रुप, त्यातलाच एक मित्र, २७ चा. आठ महिन्यांपूर्वी दोघांचं राजीखुशीनं ठरलं की आपण दोस्तच, लग्नाबिग्नाची भानगड नाही, पण अधूनमधून सोबत झोपायचं. आता तो दर शनिवारी रात्री अकराला "जागी आहेस का" टाकतो, गाडी कोपऱ्यावरच बंद करून ढकलत आणतो म्हणजे खालच्या घरमालकांना कळू नये, आणि सकाळी सहाच्या आत निघून जातो. कंडोमचं म्हणलं की "एवढा पण भरोसा नाही का माझ्यावर" सुरू. ग्रुपमधल्या एकाला त्यानं सांगून टाकलंय. एकदा तर रूममेट घरी गेलेली नव्हती तर म्हणला, तिला बाहेर पाठव ना कुठंतरी. आणि घरून स्थळ आलंय म्हणलं की तोंड फुगवून बसतो. शेवटी तिनं लिहिलंय: "मी काही बोलले की म्हणतो तू सिरीयस व्हायलीस. मग मी गप बसते. ताई, दोस्ती पण घालवायची नाही आणि हे असं पण नको, काय करू?"

तर ऐक.

मी रागावणार नाहीये. तुला वाटलं असणार की आता ताई आईबापाचं तोंड आठव म्हणणार, तसलं काही नाही. तुम्ही दोघं सज्ञान आहात, दोघांची मर्जी आहे, आणि दोन सज्ञान माणसांनी मर्जीनं लग्नाआधी संबंध ठेवणं हा गुन्हा नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगून ठेवलंय. गल्ली काय म्हणते ते वेगळं, गल्ली तर पोरीनं रात्री आठला गॅलरीत फोनवर बोललं तरी म्हणते.

पण तुझ्या पत्रात एक वाक्य मी मोजलं. "मला तसा काही फरक पडत नाही" हे तू चार वेळा लिहिलंस. चार. ज्याला फरक पडत नाही तो माणूस रात्री दीडला एवढं लांब पत्र लिहीत नाही गं. आणि मधेच एका ओळीत घाईघाईनं टाकलंस की रविवारी सकाळी तो पोह्याला पण थांबत नाही याचा राग येतो, आणि लगेच पुढं "जाऊ द्या ते". मी नाही जाऊ देत, त्याच्याकडं परत येते.

आधी एक शेतातली गोष्ट. माझं माहेर बीड जिल्ह्यातलं, आमच्या शेताला लागून भावकीतल्याच एकाचं शेत. आमच्याकडं बांध म्हणतात, तुमच्या परभणीकडं धुरा म्हणत असाल. तर तो दरसाल नांगरताना बांधाला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत घ्यायचा, वीतभर माती, बघायला गेलं तर काहीच नाही. आजोबांना दिसायचं की. पण बोलायचे नाहीत, कारण पोळ्याला त्याच्याकडून पुरणपोळी यायची, लग्नात पंगतीला शेजारी बसायचे, आता वीतभर मातीसाठी कुठं तोंड वाईट करा. असं करत करत वीस वर्षांनी आमची बाभळ त्याच्या शेतात गेली. बाभळ जिथल्या तिथंच होती, बांध सरकला होता. मग मोजणी आणली, साखळी, नकाशा, दगड रोवले, आणि त्या दिवसापासून दोन घरात पाणी बंद. मी तेव्हा आठवीत होते, मला एवढंच आठवतंय की आजी चुलीपाशी बसून म्हणत होती, पहिल्याच साली म्हणायचं होतं ना की बाबा रे, तास जरा तिकडून घे, चहावर मिटलं असतं.

तुझ्या मित्रानं पण एका रात्रीत काही केलेलं नाही. पहिल्यांदा "अधूनमधून" होतं, मग दर शनिवार झाला, मग मेसेज नऊचा अकरावर गेला, मग कंडोम "आज राहू दे" झाला, मग रूममेटला बाहेर काढ झालं. दरवेळी वीतभर. आणि दरवेळी तू गप, कारण ग्रुप आहे, दोस्ती आहे, पुरणपोळी आहे. तो नालायक आहे असं मला पत्रावरून वाटलं नाही, खरं सांगू तर आळशी वाटला, ज्याला कोणी कधी अडवलंच नाही असा. आपल्याकडच्या पोरांना घरात ताट समोर येतं आणि उचलून पण दुसरंच कोणीतरी नेतं, त्यातनं ही सवय लागते, असो.

आता अकराचा मेसेज. तुला वाटतंय तू हो म्हणतेस, पण तू पत्रात काय लिहिलंस ते वाच, "तो कोपऱ्यावर आलेलाच असतो त्यामुळं नाही म्हणायला कसंतरी वाटतं". म्हणजे तो विचारतच नाहीये, आलोय म्हणून कळवायलाय. हे बदलायचं. त्याला सांग की शनिवारचं दुपारपर्यंत विचारायचं, संध्याकाळनंतर आलेल्या मेसेजला उत्तर नाही म्हणजे नाही, आणि न विचारता कोपऱ्यावर आलास तर कोपऱ्यावरूनच जायचं. आणि एकदा तसं घडलं की खरंच दार उघडू नको. इथंच सगळ्या पोरी ढिल्या पडतात, एवढ्या लांबून आला बिचारा म्हणून. लांबून म्हणजे कुठून, उस्मानपुऱ्यातून! रात्री पंधरा मिनिटं लागत नाहीत.

आणि हो म्हणून झाल्यावर पण मधेच नको वाटलं तर नको म्हणता येतं, दार उघडलं म्हणून रात्र त्याच्या नावावर होत नाही. "मी गप पडून राहते मग" असं तू एका ठिकाणी लिहिलंयस, ते वाचून मला बरं वाटलं नाही. कायद्यात पण हे स्पष्ट आहे, नुसता विरोध केला नाही याचा अर्थ संमती होती असा धरता येत नाही, संमती म्हणजे शब्दानं किंवा खुणेनं साफ कळेल असं राजीखुशीचं हो. मी लगेच पोलिसात जा म्हणत नाहीये, तू जे लिहिलंस त्यावरून त्याला बहुतेक कळतच नसेल की तू मनानं तिथं नाहीस. पण त्याला कळवायचं काम तुला करावं लागेल, आणि कळल्यावरही तो थांबला नाही तर मग तो दोस्त वगैरे काही नाही, मग १८१ ला फोन करायचा, ती महिलांसाठीची हेल्पलाईन आहे.

कंडोमवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण तिथं तू फार ढिसाळपणा केलायस. भरोसा आणि कंडोम याचा काडीचा संबंध नाही. बाईकवर मागं बसताना तू हेल्मेट घालतेस तेव्हा चालवणाऱ्याला "भरोसा नाही का" म्हणायचं सुचत नाही ना. आणि भरोसा कशाचा ठेवायचा? तूच लिहिलंयस की तो डेटिंग ॲपवर आहे आणि तिकडं काय चालतं ते तू विचारलेलं नाहीस. विचारायचं. तुमचं एकमेकांना बांधून घेणं ठरलेलं नाही हे मान्य, त्यानं बाहेर भेटू नये असं तू म्हणू शकत नाहीस कदाचित, पण दुसरीकडं पण संबंध आहेत का आणि तिथं कंडोम वापरतो का हे विचारायचा तुला शंभर टक्के हक्क आहे, कारण प्रश्न तुझ्या अंगाचा आहे. त्यानं उत्तर टाळलं तर ते पण उत्तरच झालं.

चार महिन्यांत तीनदा तू ती ७२ तासांवाली गोळी घेतलीस. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली नाही कारण ती बिनचिठ्ठीची मिळते, त्यात काही चोरी नाही. पण ती अडीनडीची गोळी आहे, महिन्याच्या किराण्यात धरायची नाही. ती बीज बाहेर पडणं लांबवते, म्हणून जेवढी लवकर घेशील तेवढा उपयोग, राहिलेला गर्भ ती पाडत नाही, आणि पाळी मागंपुढं झाल्याचं तू लिहिलंस ते तिच्यामुळं असू शकतं. पाळी आठ दिवसांच्या वर लांबली तर ताई काय म्हणतात त्याची वाट बघू नको, युरीनची टेस्ट घरी कर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ही गोळी लागणीच्या आजारांपासून अजिबात वाचवत नाही. नेहमीसाठी करायचंय तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडं जा, रोजच्या गोळ्या आहेत, तांबी आहे, सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या फुकट मिळतात, तुझ्या तब्येतीला काय चालेल ते डॉक्टर सांगतील. तिथं रिसेप्शनला "मिसेस का मिस" विचारतील आणि शेजारी बसलेली मावशी तुझ्याकडं वळून बघेल, बघू दे, तिला पण नंबर यायचाय. आणि यातलं काहीही घेतलं तरी कंडोम सुटत नाही.

दोघांनी रक्त तपासून घ्या. दोघांनी म्हणलं मी. घाटीत, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि तपासणीचं केंद्र आहे, तिथं एचआयव्हीची टेस्ट फुकट होते, आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात आणि रिपोर्ट गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, २०१७ चा कायदाच आहे तसा. घाटीत कोणी ओळखीचं भेटेल अशी भीती असेल तर १०९७ वर फोन कर, टोल फ्री आहे, दुसरं केंद्र सांगतील. सिफिलिस आणि कावीळ ब चं पण विचार. आणि एक लक्षात ठेव, गेल्या आठवड्यात झालेली लागण आजच्या रिपोर्टात दिसेलच असं नाही, म्हणून तीन महिन्यांनी परत करायची. त्याला जायला लाज वाटत असेल तर सांग की रिपोर्ट येईपर्यंत शनिवार बंद. बघ कसा सकाळी नऊला लाईनीत उभा राहतो.

सगळं सांभाळूनही कधी काही राहिलंच तर घाबरून कुठल्या तरी बाईच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोळ्या आणून घेऊ नको. कायदेशीर गर्भपाताला तुझी एकटीची सही लागते, तू सज्ञान आहेस, आईबापाची नाही, त्याची तर नाहीच. लग्न झालेलं नाही म्हणून नाकारता येत नाही, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते पण साफ केलंय. नाव बाहेर जात नाही.

आता म्हैसमाळची गोष्ट. पावसात ग्रुप गेला होता, गाडीत बसताना एक जण डोळा मारून म्हणला "तुम्ही दोघं मागं बसा, तुम्हाला जागा लागत असेल", सगळे हसले, आणि तुझा मित्र पण हसला. तू पूर्ण रस्ता खिडकीतून बाहेर बघत बसलीस, भुट्टा पण खाल्ला नाहीस. मला विचारशील तर सगळ्या पत्रात हे हसणं मला जास्त लागलं, कंडोमपेक्षा पण. अज्ञान समजावता येतं, पण तिथं त्याला समजलं होतं की तुला लागलंय आणि तरी त्याला पोरांसोबत हसणं सोपं वाटलं. आणि आपल्याकडं हिशोब कसा असतो तुला माहितीय, ही गोष्ट बाहेर आली तर तो "भारी आहे बे" होतो आणि तू काय होतेस ते मी लिहीत नाही. परभणीपर्यंत जायला अशा गोष्टीला बस लागत नाही.

त्यामुळं ही एक गोष्ट अशी धर की जिथं दुसरा चान्स नाही. ज्याला सांगितलंय त्याच्यासमोर त्यानं स्वतः म्हणावं की मी बोलायला नको होतं, परत विषय काढू नको. आणि फोटो. तू लिहिलं नाहीस पण मी विचारते, फोटो-व्हिडिओ काही आहेत का त्याच्याकडं? "एकदाच दिसणारा" म्हणून पाठवलेला पण दुसऱ्या फोननं काढता येतो. असतील तर समोर बसून डिलीट, गॅलरीतून, कचऱ्याच्या फोल्डरमधून, बॅकअपमधून. कोणाच्या खासगी अंगाचे फोटो मर्जीशिवाय काढणं किंवा पसरवणं आयटी कायद्याच्या ६६ ई कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर अशी तक्रार नाव न देता पण करता येते. त्याला हे धमकीसारखं ऐकवू नको, पण तुला माहीत असू दे.

स्थळाचं. परळीकडचं स्थळ आलंय म्हणलीस तेव्हा तो आधी गप झाला आणि मग म्हणला, "थांब ना दोन-तीन महिने, मी बघतो काहीतरी." तू हे वाक्य पत्रात अवतरण चिन्हात टाकलंस, बाकी कशालाच अवतरण दिलं नाहीस. म्हणजे तुला पण कळलंय की इथं बांध सगळ्यात जास्त कोरला गेलाय. लग्नाबिग्नाचं नाही हे ज्यानं ठरवलं त्यानंच रात्री एक वाजता अर्धं वाक्य सोडून दिलं, आणि तू गेले पाच आठवडे त्या अर्ध्या वाक्यावर घरच्यांना टाळायलीस. मित्रांनो, तुमच्यातला कोणी वाचत असेल तर कान उघडे ठेवून वाचा, पाळायचा इरादा नसताना लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवणं हा नव्या न्याय संहितेत कलम ६९ खाली गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, १ जुलै २०२४ पासून लागू. तुझ्या मित्रानं वचन दिलं असं मी म्हणत नाही, पण "बघतो काहीतरी" हे ना वचन ना नकार, आणि असल्या बोलण्यात पोरीचं वर्ष जातं. त्याला विचार, दिवसा विचार, काय बघतोस? लग्न करायचंय का? हो तर घरी बोल. नाही तर माझ्या स्थळावर तोंड फुगवायचं नाही. स्थळ मी बघते का नाही हा माझा आणि आईबाबांचा विषय.

आणि इथं ते पोहे परत आले बघ. तुला तो सकाळी थांबावा वाटतो. बस इतकंच असतं कधी कधी, मोठं प्रेमबिम नसतं, माणसानं चहा पिऊन जावं एवढंच वाटतं. पण ते वाटत असेल तर तुमचं आठ महिन्यांपूर्वीचं ठरलेलं आज तुझ्याकडून जुनं झालंय, आणि जुन्या करारावर कितीही नवे नियम लावले तरी रविवारी सकाळी सहाला तुला तसंच वाटणार. हे तू आधी एकटी बसून ठरव, दोन शनिवार पूर्ण बंद ठेवून. कारण काही सांगत बसू नको, जमणार नाही एवढंच टाक. त्या दोन शनिवारांत तुला हायसं वाटलं तर एक उत्तर मिळालं, आणि सारखा फोन बघत बसलीस तर दुसरं मिळालं.

मग बोलायचं. रूमवर अजिबात नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच, तिथं तो "हाहा" टाकेल आणि विषय संपेल. कॅनॉटला संध्याकाळी पाच-साडेपाचला चहाला बोलव, उजेड असतो, माणसं असतात, आवाज चढत नाही आणि कोणी कोणाचा हात धरून विषय बदलू शकत नाही. मोठी प्रस्तावना नको, "आपल्या मैत्रीबद्दल मला काही बोलायचंय" असं सुरू केलंस तर तो घाबरून जोक मारायला लागेल. सरळ म्हण, "आठ महिन्यांत काही गोष्टी सरकल्यात, मला चालत नाहीत, मी सांगते, तुला काय चालत नाही ते तू सांग." हे शेवटचं खरंच विचार, कदाचित त्याच्याकडं पण काही असेल, तुझं पण कुठं चुकलं असेल, पत्र एका बाजूचं असतंय हे मला माहितीय. मग कंडोम, मेसेजची वेळ, कोणाला सांगायचं नाही, स्थळाचा विषय, एवढंच, आणि गप बस. तो बोलेपर्यंत गप बस, कितीही वेळ लागू दे, चहा गार होऊ दे.

तो "तू सिरीयस व्हायलीस" म्हणेलच, त्याची बाकीची वाक्यं पण ठरलेलीच वाटतात. तेव्हा म्हण, "हो, माझ्या अंगाच्या बाबतीत मी सिरीयसच आहे, तू पण हो." आणि जर दोन शनिवारांत तुला कळलं असेल की तू त्याच्या बाबतीत पण सिरीयस आहेस, तर ते पण तिथंच सांगून टाक, लाजायचं काय त्यात, तू काही चोरी केली नाहीस. नाही म्हणला तर लई वाईट वाटेल, पंधरा दिवस डबा गोड लागणार नाही, पण मग झोपणं बंद करायचं, अर्धं चालू अर्धं बंद असलं काही नाही. दोस्तीला पण दोन-तीन महिने सुट्टी दे. ग्रुपचा प्लॅन आला तर कधी जा कधी जाऊ नको, जिथं तुला खिडकीतून बाहेर बघत बसावं लागेल तिथं जाऊ नको. दोस्ती राहील का, विचारलंस. एवढं ऐकून जो राहतो त्याच्याशी राहील. आणि जो रुसून जाईल त्यानं गेल्या आठ महिन्यांत तुझ्यासोबत एक सिनेमा तरी बघितला का, एकदा तरी तुझ्या ताप-खोकल्याला गोळ्या घेऊन आला का, ते आठव. तुझ्या पत्रात दवाखान्यात तुला रूममेट घेऊन गेली असं लिहिलंय.

तिच्यावरून आठवलं. त्या शनिवारी तू तिला खरंच बाहेर पाठवलंस, "काम आहे" म्हणून, आणि ती रात्री दहापर्यंत निराला बाजारात एकटी फिरत बसली. भाडं ती पण अर्धं देते. या सोमवारी जालन्याहून आली की तिला चहा करून दे, खरं काय होतं ते सांग आणि सॉरी म्हण.